हेल्पलाइनवर एकटेपणा सांगता येतो का? १४४१६, १४५६७ आणि इतर फोनसेवांचा परखड आढावा

निकाल आधीच सांगून टाकतो. रात्री अडीच वाजता मन भरून आलंय आणि कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, अशा वेळी १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर खरोखर कामाचा आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचं काही अडलं असेल, मग ती पेन्शन असो नाहीतर घरातला छळ, तर १४५६७. पण "मला माझं असं कोणीतरी हवंय, ज्याला काल मी काय म्हणालो ते आज आठवत असेल" ही गरज असेल तर यातली एकही सेवा ती भागवत नाही. त्या सेवा त्यासाठी उभारलेल्याच नाहीत. हे ठाऊक नसताना फोन लावला की माणूस हिरमुसतो, आणि दोष एकतर सेवेला देतो नाहीतर स्वतःला.

जीव द्यावासा वाटत असेल तर हे वाचन इथेच सोडा आणि १४४१६ लावा. कोणी या क्षणी धोक्यात असेल तर ११२. खालचं सगळं त्या टोकाच्या अलीकडे असलेल्या लोकांसाठी आहे. म्हणजे नोकरी आहे, घर आहे, व्हॉट्सॲपवर डझनभर ग्रुप आहेत, आणि तरी रविवारी दुपारी सहज फोन करावा असं एकही नाव सुचत नाही, अशांसाठी.

१४४१६, म्हणजे टेली मानस

केंद्र सरकारची ही सेवा. २०२२च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. नंबर दोन आहेत, १४४१६ आणि १८००-८९१-४४१६. दोन्ही टोल फ्री, चोवीस तास, बाराही महिने. शिखर संस्था बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तांत्रिक बाजू तिथल्याच आयआयआयटीकडे. देशभरात ५३ केंद्रं, २० भाषा, त्यांत मराठी आहेच. २०२५ पर्यंत या नंबरावर वीस लाखांहून जास्त फोन आले. सरकारी योजना म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण रात्री-अपरात्री, फुकट आणि मराठीत फोन उचलणारी एवढी मोठी दुसरी सोय सध्या तरी नाही.

रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचं असेल तर दुसरी पायरी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय. एकटेपणाचे बहुतेक फोन पहिल्या पायरीवरच सुरू होतात आणि तिथेच संपतात.

फोन लागला की आधी ध्वनिमुद्रित आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. इथे घाईत हिंदी किंवा इंग्रजी दाबू नका. दिवसभर ऑफिसात इंग्रजी झाडणारी माणसंही गळा दाटून आला की मराठीत येतात, आणि मधेच भाषा बदलली की समोरच्याची तारांबळ उडते. पहिल्या खेपेला लागला नाही, होल्डवर राहिला, तर दहा मिनिटांनी पुन्हा लावा. तो नकार नव्हे, त्या वेळी माणूस मोकळा नसतो एवढंच.

मग माणूस येतो. नाव, वय, गाव, काय त्रास होतोय, असं विचारतो. खरं नाव सांगायची सक्ती नसते. जिल्हा मात्र खरा सांगा, कारण पुढे कुठे पाठवायचं झालं तर ते जिल्ह्यावर ठरतं. थोड्याच वेळात एक प्रश्न येतो आणि तो ऐकून पुष्कळ जण दचकतात: "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का?" तुम्ही नुसतं "हल्ली कोणाशी बोलणंच होत नाही" म्हणालेले असता, आणि हे थेट तिथे! राग मानू नका. फोन घेणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे प्रत्येकाला हे विचारायचं ही त्यांची शिस्त आहे. खरं उत्तर द्या. असा विचार कबूल केला तर पोलिसांचं झंझट मागे लागेल ही भीती अजून जात नाही, म्हणून कायदा सांगून ठेवतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम त्या रूपात उरलेलं नाही. नुसता विचार मनात येणं तर तेव्हाही गुन्हा नव्हता. गोपनीयतेला अपवाद एकच महत्त्वाचा, तो म्हणजे जिवाला धोका असेल तेव्हा.

बोलणं कुठे फसतं

आपल्याकडे, विशेषतः पुरुषांच्या तोंडून, "एकटं वाटतं" हे वाक्य निघत नाही. त्याऐवजी "झोप नीट लागत नाही", "ॲसिडिटी होते", "कामात लक्ष लागत नाही" असं सुरू होतं. समुपदेशक तुमचंच वाक्य धरून पुढे जातो. झोपेचं म्हणालात तर संभाषण झोपेकडे वळतं: संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, अंथरुणात मोबाइल नको, रोज एकाच वेळी पडा, हा श्वासाचा व्यायाम करून बघा. सल्ला चुकीचा नाहीच. पण फोन ठेवल्यावर वाटतं, हे तर गूगलनेही सांगितलं असतं. झोप का लागत नाही, तर रात्री दिवा मालवल्यावर दिवसभरात आपण कोणाशीच बोललो नाही हे अंगावर येतं म्हणून, हा अर्धा भाग तुम्ही सांगितलेलाच नसतो.

तेव्हा हा राहणारा अर्धा भाग आधी सांगा. फोन लावण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलं तरी चालेल, वाचून दाखवलं तर कोणी हसत नाही. साधारण असं: "ऑफिसच्या कामाखेरीज माझं कोणाशी बोलणं होत नाही. पुण्यात येऊन आठ महिने झाले. आज मला उपाय नको, थोडा वेळ ऐकून घ्या." शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. मदत करायला बसलेल्या माणसाला काहीतरी सुचवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि "छंद जोपासा, फिरायला जा" ही गाडी लवकर सुटते. आधीच सांगितलं की ती थांबते.

दुसरी अडचण उलटी. साठलेलं इतकं असतं की माणूस लग्नापासून किंवा बारावीच्या निकालापासून सुरुवात करतो. वेळ अमर्याद नसतो, आणि मूळ मुद्द्यापाशी येईपर्यंत दोघंही दमतात. गेल्या दोन आठवड्यांतलं सांगा. मागचं लागेल तसं ते विचारतात.

तिसरी गोष्ट जागेची. वन-बीएचकेमध्ये पाच माणसं किंवा पीजीत खोलीत तिघं असतील तर एकटेपणा सांगायलाही एकांत मिळत नाही. गच्चीत वाऱ्याचा आवाज फार येतो आणि समोरच्याला नीट ऐकू जात नाही. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी, बंद काचा, हे सर्वात बरं. गाडी नसेल तर दुपारच्या वेळचा रिकामा जिना. फोनच्या कॉल लॉगमध्ये नंबर दिसतो. घरातले तुमचा फोन हाताळत असतील तर नंतर ती नोंद पुसून टाका.

एकटेपणाचे दोन प्रकार असतात, आणि कोणता ते सांगितलं तर मदत नेमकी मिळते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३मध्ये ही विभागणी मांडली आणि ती आजही वापरात आहे. एकात ओळखीच नसतात. नव्या गावात बदली, शिक्षणासाठी आलेला मुलगा, निवृत्तीनंतर ऑफिसचा कट्टा सुटलेला माणूस. दुसऱ्यात ओळखी ढीगभर, घर भरलेलं, पण मनातलं सांगावं असं जवळचं कोणी नाही. जोडीदार गेलेल्या बाईच्या घरी तेराव्यापर्यंत माणसांची रीघ असते आणि तरी ती एकटी असते, ती या दुसऱ्या अर्थाने. पहिल्या प्रकारात वाचनालय, ट्रेकिंगचा ग्रुप, भजनी मंडळ यांचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारात त्याच मंडळात बसून एकटेपणा दुप्पट जाणवतो, आणि समुपदेशकाने नेमका तोच सल्ला दिला की माणूस परत फोन करत नाही.

मोजायचंच असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एकटेपणाच्या मापपट्टीची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? प्रत्येकाला क्वचितच १, कधीकधी २, बरेचदा ३. बेरीज ३ ते ९ मध्ये येते. ६ किंवा वर आली तर अभ्यासक तिला एकटेपणात मोजतात. हे रोगाचं निदान नाही, पण "तिन्हीला बरेचदा" असं सांगितलंत तर पाच मिनिटांची प्रस्तावना वाचते. आणि हे म्हाताऱ्यांचं दुखणं आहे असं समजून पोरांनी मागे राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांतल्या एकाला एकटेपणा जाणवतो, आणि १३ ते २९ या वयात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे.

पुढच्या वेळी दुसराच आवाज

समजा पहिला फोन छान झाला. समोरच्या ताईंनी शांतपणे ऐकलं, तुमचाच शब्द उचलून नेमका प्रश्न विचारला, तुम्ही पहिल्यांदा मोकळे झालात. चार दिवसांनी पुन्हा लावता आणि कोणी वेगळंच बोलतं. पुन्हा नाव, वय, गाव. बऱ्याच जणांचा फोन इथे कायमचा सुटतो.

हा गलथानपणा नाही. चोवीस तास पाळ्या असतात, येणारा फोन जो मोकळा असेल त्याच्याकडे जातो. रात्री अडीचला फोन उचलला जातो तो याचमुळे, कारण सेवा कोणा एका ताईंवर अवलंबून नसते. संकटासाठी हे वरदान आहे, जवळिकीसाठी मात्र घातक. वैयक्तिक नंबर मिळत नाही, इन्स्टावर फ्रेंड रिक्वेस्ट घेतली जात नाही, भेट तर नाहीच. हे नियम कोरडे वाटतात, पण फोनवर बसणाऱ्या बायकांना अश्लील बोलणाऱ्यांचे फोनही घ्यावे लागतात. एखादीचा सूर "मला तुमचा आवाज आवडला" म्हटल्याबरोबर कडक होतो, तो त्या अनुभवातून.

म्हणून फोनची शेवटची मिनिटं वाया घालवू नका. तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. माझी नोंद पुढच्या वेळी कशी सापडेल? तुमच्याकडून पुन्हा विचारपूस करणारा फोन येऊ शकतो का, आणि कधी? माझ्या जिल्ह्यात समोर बसून, एकाच समुपदेशकाकडे नियमित जाता येईल अशी जागा कोणती? या तिसऱ्या प्रश्नात १४४१६ची खरी किंमत आहे. एकटेपणावरचा इलाज त्या नंबरावर नसला तरी इलाजाचा पत्ता तिथे मिळू शकतो, आणि सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या किरकोळ पैशांत किंवा फुकट.

१० ऑक्टोबर २०२४ला टेली मानसचं ॲपही आलं. ज्याला बोलणं जमत नाही त्याने वाचण्यापुरतं ठेवावं. माणसाशी बोलायचं तर फोनच बरा.

१४५६७, एल्डरलाइन

ही साठीच्या पुढच्यांसाठी. सामाजिक न्याय मंत्रालयाची योजना, सुरुवात टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने हैदराबादेत, देशभर लोकार्पण १ ऑक्टोबर २०२१ला. महाराष्ट्रात ती पुण्याचं जनसेवा फाउंडेशन चालवतं. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, सातही दिवस. रात्रीचा उपयोग शून्य, आणि ज्येष्ठांचा एकटेपणा नेमका आठनंतर, मालिका संपल्यावर गडद होतो, ही या सेवेची मोठी उणीव.

एल्डरलाइनचं बळ कामाच्या बाजूने आहे. पेन्शन अडली, मुलगा घराबाहेर काढायला बघतोय, वृद्धाश्रम हवाय, रस्त्यावर कोणी बेवारस आजोबा दिसले: अशा वेळी फोनपुरतं न थांबता माणूस पाठवण्याची सोय तिच्यात आहे. भावनिक आधारही यादीत आहे. पण आजींनी "करमत नाही हो" म्हणून फोन करावा, तर त्याबरोबर एखादं ठोस मागणं जोडावं. "माझ्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ कुठे भरतो, किती वाजता, आणि मला नेणारं कोणी आहे का?" शेवटचा भाग विसरू नका. संघाचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो, अडतं ते जिना उतरण्यापाशी आणि पहिल्या दिवशी एकट्याने आत शिरण्यापाशी.

नुसतं ऐकणारे

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे. नंबर ९१५२९८७८२१, सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ. इथे बसणारे मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेले समुपदेशक असतात. ईमेलचीही सोय आहे, आणि ज्याला बोलायला जागा नाही किंवा तोंड उघडलं की रडूच येतं त्याच्यासाठी ती लाखमोलाची आहे. लिहिताना माणूस आपोआप मुद्द्यावर येतो. उत्तर लगेच येत नाही हे धरून चालायचं. परदेशातल्या मराठी माणसालाही हाच मार्ग सोयीचा, कारण १४४१६ किंवा १४५६७ असे छोटे नंबर बाहेरच्या देशातून लागत नाहीत.

पुण्यात कनेक्टिंग, मुंबईत समारिटन्स या संस्था. इथे फोन घेतात ते प्रशिक्षित स्वयंसेवक. सल्ला द्यायचा नाही, न्यायनिवाडा करायचा नाही, ऐकायचं, ही त्यांची पद्धत. कनेक्टिंगची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ. या पद्धतीचं मूळ लंडनमध्ये आहे. चॅड वारा नावाच्या धर्मगुरूंनी नोव्हेंबर १९५३मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची, आणि त्यांना चहा देऊन गप्पा मारत बसवायला काही साधे स्वयंसेवक असायचे. वारांच्या लक्षात आलं की कित्येक जण त्या गप्पांनीच हलके होतात आणि आतल्या खोलीत यायची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी फोन स्वयंसेवकांच्या हाती दिला. एकटेपणासाठी मला ही जातकुळी सर्वात जवळची वाटते. तज्ज्ञाकडून नेमकं काही हवं असेल तर मात्र इथे निराशा होईल. "मग मी काय करू?" ला "तुम्हाला काय वाटतं?" असं उत्तर आलं की काहींचा पारा चढतो.

जे आपल्याकडे कमी पडतंय

ब्रिटनमध्ये टीव्ही निवेदिका एस्थर रँट्झन यांनी नोव्हेंबर २०१३मध्ये ज्येष्ठांसाठी सिल्व्हर लाइन सुरू केली. चोवीस तासांचा नंबर होताच, पण खरी गोम दुसरीकडे होती: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच स्वयंसेवकाचा फोन. आजोबांनी फोन करायचा नाही, त्यांना फोन यायचा. मागच्या आठवड्यातल्या गुडघ्याची चौकशी करणारा तोच आवाज.

याला पुरावाही आहे. २०२०च्या उन्हाळ्यात, कोविडच्या काळात, टेक्सासमध्ये घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांवर एक चाचणी झाली. २०२१मध्ये ती जामा सायकायट्री या नियतकालिकात आली. निम्म्यांना चार आठवडे फोन केले गेले. फोन करणारे १६ जण, वय १७ ते २३, मानसशास्त्राचे पदवीधर वगैरे कोणी नाही, सहृदयतेने कसं बोलावं याचं थोडंसं प्रशिक्षण घेतलेले. पहिला आठवडा पाच दिवस रोज, साधारण दहा मिनिटं. नंतर किती वेळा फोन हवा ते घेणाऱ्याने ठरवायचं. एकटेपणा कमी झाला, उदासी आणि चिंताही. एक नियम फार मोलाचा होता: बोलण्याचा विषय घेणाऱ्याचा. फोन करणाऱ्याने आपलं सांगायचं ते विचारलं तर.

हे आपल्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात, कॉलेजच्या एनएसएसमध्ये उभं करायला पैसे लागत नाहीत. एका फोन करणाऱ्याकडे पाच-सहांहून जास्त माणसं देऊ नका. वेळ ठरवा आणि पाळा, कारण सहाच्या फोनची वाट पाच वाजल्यापासून पाहिली जाते. फोन ठेवताना पुढचा वार बोलून ठेवा. कोणी जीव नकोसा झाल्याचं म्हणालं तर फोन करणाऱ्या पोराने स्वतः उपाय करत बसू नये, १४४१६ आणि घरच्यांचा नंबर हाताशी असावा. परीक्षेचा महिना आला की पोरं गळतात, हे हमखास होतं, म्हणून जोडी लावतानाच "मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला एकच फोन येईल" असं सांगून टाकावं. न सांगता थांबलेला फोन कधीच न आलेल्या फोनपेक्षा जास्त मनाला लागतो.

परदेशातल्या मुलांनी आपला रविवारचा फोन याच कसोटीवर तपासावा. "गोळ्या घेतल्या? शुगर किती? बाई आली होती? ओटीपी कोणाला देऊ नका." सगळे प्रश्न काळजीचे, पण ही हजेरी झाली. आईनेही उत्तरं पाठ केलेली असतात: "सगळं ठीक आहे, तू जेवलास का?" दहा मिनिटांत एकदाही तिला काय वाटतं याचा विषय निघत नाही. गोळ्या आणि बँक यांसाठी वेगळा फोन ठेवा, आणि या फोनमध्ये एकच विचारा, आज कोण भेटलं. मग गप्प बसा. वेळ भारताच्या घड्याळाने धरा. न्यू जर्सीतून उन्हाळ्यात सकाळी साडेआठला केलेला फोन इथे संध्याकाळी सहाला येतो. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की तोच साडेआठचा फोन सातला पडतो, आणि सहापासून आई फोनशेजारी बसलेली असते. हिवाळ्यात साडेसातला करा. कमी ऐकू येत असेल तर व्हिडिओपेक्षा साधा कॉल, स्पीकरवर, पंखा बंद करून.

यांच्यापासून सांभाळून

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. तो कधी कंटाळत नाही, रात्री तीनला हजर असतो, म्हणून ओढ लागते. चॅटजीपीटीवाली ओपनएआय कंपनी आणि अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ यांच्या २०२५च्या चार आठवड्यांच्या चाचणीत जवळपास हजार लोक होते, आणि रोजचा वापर जितका जास्त तितका एकटेपणा आणि अवलंबित्वही जास्त आढळलं. एकटेपणा आधी की वापर आधी, हे त्यावरून पक्कं ठरत नाही. हेल्पलाइनला पहिल्यांदा काय सांगायचं ते वाक्य त्याच्याकडून सुधारून घ्यायला हरकत नाही, एवढाच माझा कौल.

फ्रेंडशिप क्लबच्या जाहिराती मात्र सरळ सापळा आहेत. छोट्या जाहिरातींत, टेलिग्रामवर, फेसबुकवर "मैत्री करा, हाय प्रोफाइल महिलांशी गप्पा" असं असतं. आधी हजार-दोन हजारांची नोंदणी, मग ओळखपत्राचे पैसे, मग हॉटेलची अनामत, मग "तुमच्या बायकोला सांगू" ही धमकी. गोड बोलण्यात आठवडे घालवून नंतर गुंतवणुकीचं ॲप पुढे करणारे त्यांचेच सुधारित भाऊबंद. हेल्पलाइनचा नंबरही गूगलवर वरवर शोधून लावू नका, बनावट नंबर तिथेही पेरलेले असतात. खरी हेल्पलाइन पैसे, ओटीपी, आधारचा फोटो यांतलं काहीही मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजेने दोन दिवस गप्प बसू नका. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, आणि ते तासांवर ठरतं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट पुसू नका, कितीही लाज वाटली तरी.